दोन मुठी, एकच दोरा

मंगळवार, ४ तारीख

सगळ्यात आधी आली ती खालच्या मजल्यावरची शिवणवाली, आणि तीही एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात नवऱ्याची. मी म्हटलं, "अगं, आज तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन ना? इतक्यात झालंसुद्धा?" तर दाराशीच मटकन बसली आणि म्हणाली, "कसलं ऑपरेशन, काकू! मला तिथून परत पाठवलं."

परत पाठवलं! अगं बाई! हातात दवाखान्याचं पत्र, त्यावर तिचं नाव, आजची तारीख, सकाळी आठची वेळ, उजवा डोळा, सगळं छापलेलं. आणि खिडकीतली बाई म्हणते तुमचं नाव आमच्या यादीत नाही. "म्हणजे मी काय आगंतुक का, काकू? बोलावल्याशिवाय पंगतीला बसल्यासारखी?" बिचारीला हल्ली सुईचं नाकसुद्धा दिसत नाही, अंदाजाने ओवते. चार महिने या तारखेची वाट पाहत होती.

तिच्यासाठी चहा टाकतेय तोवर शेजारचे टपालकाका. टपालात नोकरी केली म्हणून टपालकाका, आता घरीच असतात आणि जिन्यात कुणाचं काय आलं ते बघत बसतात. ते ओरडतच आले. "वहिनी, दवाखान्यातून फोन! म्हणे खाट तयार आहे, डॉक्टर हात धुऊन उभे आहेत, तुम्ही आला का नाहीत? मी म्हटलं, मला सांगितलं कुणी? तर म्हणे पत्र पाठवलंय. पत्र! चाळीस वर्षं मी जगाची पत्रं पोचवली, आणि माझं एक यायचं ते आलंच नाही!"

मी एकदा हिच्याकडे बघते, एकदा त्यांच्याकडे. हिला पत्र आहे तर खाट नाही, त्यांना खाट आहे तर पत्र नाही. मला हसू आवरेना. म्हटलं, "दोघं मिळून एकच डोळा करून घ्या." टपालकाकाही हसले. माझी जीभ म्हणजे काय, उचलली की लागली टाळ्याला.

तेवढ्यात शिवणवाली म्हणाली, "काकू, ती पत्रं तुमच्या नातीनेच केली ना? तुम्हीच तर सगळ्या जिन्याला सांगत होतात."

हो की. मीच सांगत होते. पत्रं छापणारा प्रोग्राम माझ्या नातीने लिहिलाय, दवाखान्याचा अख्खा कारभार तिच्या बोटांवर चालतो, असंच सांगितलं होतं मी, थोडं मीठमिरची लावूनच. मागे वळून पाहिलं तर पोर आतल्या दारात उभी, हातात कप, आणि तोंड खडूसारखं पांढरं. कप तिथेच फळीवर ठेवला, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

माझ्या चहाला तेव्हा उकळी येऊन तो उतू गेला होता. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

बुधवार, ५ तारीख

या घरात आम्ही दोघीच. मुलगा-सून नोकरीपायी लांब, आणि नात माझ्याजवळ, कारण तिचं काम घरी बसून होतं आणि मला एकटीला ठेवायला मुलाचा जीव होत नाही. जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग तिच्या यंत्राचा, अर्धा माझ्या भाजीचा. मध्ये सीमारेषा. कोथिंबिरीची काडी पलीकडे गेली की "आजी!"

मी शाळेत तिसरीपर्यंत. पुढे घरचं काम निघालं आणि पाटी सुटली ती सुटलीच. लिहायला लागले साठीनंतर, नातीनेच वही आणून दिली. म्हणाली, दिवसभर मला सांगतेस ते यात लिही, म्हणजे मला काम करता येईल. उद्धट आहे, पण वही चांगली आणली.

आज आकडा कळला. या आठवड्यात दोनशे चाळीस माणसं होती. एकशेवीसांना पत्रं गेली, पण ती खिडकीच्या यादीत नाहीत. उरलेली एकशेवीस यादीत आहेत, त्यांना पत्रं नाहीत. बरोबर निम्मी! तोंडात बोट घालावं असा प्रकार. चोरसुद्धा इतकी सारखी वाटणी करत नाही. दवाखान्याने कालच सगळं थांबवलं आणि आता एकेकाला फोन करून नव्या तारखा देतायत. म्हणजे डोळे कुणाचे जाणार नाहीत, लांबले एवढंच. देवाची कृपा.

पण चूक कुठे झाली ते पोरीला सापडेना. म्हणते, "पत्रं करणारा भाग वेगळा चालवून बघितला, बरोबर. खिडकीची यादी करणारा भाग वेगळा चालवला, बरोबर. दोन्ही एकत्र चालवले की असं होतं."

मी म्हटलं, "जावाजावांचं असंच असतं. वेगवेगळ्या असल्या की सोन्यासारख्या."

हसली नाही.

दुपारी टपालकाका दवाखान्यात जाऊन आले आणि मूळ यादी उतरवून घेऊन आले. स्वभाव! पहिल्या तीसेक जणांना फोन करून विचारलं, पत्र आलं का? कागदावर खुणा करत बसले होते, मी सहज पाहिलं. आलं, नाही, आलं, नाही, आलं, नाही. शिवणवाली एकवीस नंबरला, आलं. काका बाविसाव्या, नाही. मी पोरीला हाक मारली, "अगं, हे बघ तरी, एक सोडून एक आहेत." ती धावत आली, कागद बघितला, आणि डोळे मोठे करून म्हणाली, "एक सोडून एक?" पुन्हा जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत उठली नाही.

गुरुवार, ६ तारीख

आज लिहू की नको असं झालंय. पण खोटं लिहायचं तर वही कशाला.

तिच्या कचेरीत एक रीत आहे. प्रोग्राम बाहेर पाठवायच्या आधी तो एखाद्या अडाणी माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा. अडाणी म्हणजे त्या कामातला अडाणी. त्याला ऐकवणी म्हणतात. ओळीओळीने सांगायचं, इथे यंत्राला हे करायला सांगितलं, इथे ते. ऐकणाऱ्याने निदान एक प्रश्न विचारायचा, तो कागदावर लिहायचा आणि खाली ऐकणाऱ्याची सही. त्यांच्या मोठ्या बाई म्हणतात, शहाण्याला ऐकवलं तर तो मनातल्या मनात दुरुस्त करून ऐकतो, अडाणी तसं करत नाही. मला ही बाई न बघताच आवडली होती.

घरात अडाणी कोण, तर मी. पहिल्यापहिल्यांदा काय मजा यायची! पोर वाचायची, मी विचारायचे. पण माझी टकळी. तिने म्हणावं "इथे यादी उघडली", की मला आठवायची आमच्या लग्नाच्या वेळची यादी आणि त्यात राहून गेलेली मामी, आणि मामी तीन वर्षं बोलली नाही ते. अर्ध्या तासाच्या जागी दोन तास. पोरीला घाई असायची. मग एक दिवस म्हणाली, "आजी, आज नुसती सही कर, उद्या वाचते." उद्या काही आला नाही. मग असंच व्हायला लागलं. मला काय, सही करायची म्हणजे आनंदच. वाचता यायचं, तरी जन्मभर अंगठाच दाबला, आता सगळं नाव लिहिते, शेवटच्या अक्षराला झोकदार शेपूट काढते. मला वाटायचं मी कुणीतरी साहेबीण आहे.

आणि या डोळ्यांच्या प्रोग्रामवर माझी सही आहे. ऐकलं नाही, आणि सही आहे.

आज पोर माझ्याजवळ येऊन बसली, लहानपणी बसायची तशी, गुडघ्याला गुडघा लावून. "आजी, सोमवारी ऑफिसातली माणसं येणार आहेत. तुला विचारतील ऐकलंस का. हो म्हण."

"आणि नाही म्हटलं तर?"

"चुकीसाठी नाही काढत गं. चूक कुणाचीही होते, बाई स्वतःच सांगतात. पण न ऐकवता सही घेतली तर काढतात. मागच्या वर्षी एकाला काढलंय, एकाच कागदासाठी."

"आणि तुझे किती कागद?"

उठून गेली. मी विचारलेलं ऐकू आलं नसेल.

शनिवार, ८ तारीख

शिवणवालीला पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली. मला जिन्यात भेटली, बोलली, पण काकू म्हणाली नाही, नुसतंच "बरं आहे ना" म्हणाली.

पोरीला अजून चूक सापडलेली नाही. मी खोटं बोलायचा सराव करतेय. आरशासमोर "हो, ऐकलं" म्हणून बघितलं. चेहरा असा दिसला की मीच मला धरून दिलं असतं.

सोमवार, १० तारीख

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

दोघं आले. एक मोठ्या बाई. मोठ्या म्हणजे मला वाटलं होतं धिप्पाड असतील, तर माझ्या खांद्याला लागणारी बारीक बाई, पायात साधे बूट, आवाज इतका हळू की आपणच वाकून ऐकावं. आणि एक तपासनीस, ज्यांच्या भुवया म्हणजे कपाळावर दोन ब्रश. भुवईवाल्यांनी घरात पाय ठेवल्या ठेवल्या बिस्किटांकडे पाहिलं, तेव्हा मला जरा धीर आला. खाणारा माणूस फार वाईट नसतो.

बाईंनी पिशवीतून कागद काढले. सव्वीस! सव्वीस ठिकाणी माझी शेपूटवाली सही. मला इतकं भरून आलं की मी म्हटलं, "बघा, कशी सुधारत गेलीये." बाई हसल्या. मग कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "आजी, पहिल्या पंधरात तुमचे प्रश्न आहेत. कुठे कुठे चार-चार. एकात तर लिहिलंय, 'मामीचं नाव राहिलं तर यंत्र मामीला काय सांगतं?' आम्ही तो प्रश्न भिंतीवर लावलाय. आणि सोळाव्यापासून सगळीकडे एकच, 'सगळं समजलं, प्रश्न नाही.' मलासुद्धा कधी सगळं समजत नाही हो."

मी पोरीकडे पाहिलं नाही. "वयाप्रमाणे समज येते," म्हटलं.

भुवईवाले खोकले. बिस्किट घशात गेलं असावं.

"दवाखान्याचा प्रोग्राम ऐकला होतात?" बाईंनी विचारलं, त्याच हळू आवाजात.

"हो," मी म्हटलं. "ऐकला."

झालं, म्हटलं. सुटलो. इतकं सोपं असतं होय खोटं बोलणं! बाईंनी मान हलवली, आणि पोरीला म्हणाल्या, "सहा दिवस झाले, चूक तुला सापडत नाही, आम्हालाही दिसत नाहीये, कारण आम्ही सगळे शहाणे. आत्ता पुन्हा आजींना ऐकव. आम्ही गप्प बसतो."

पोर वाचायला लागली. "इथे यंत्राने माणसांची यादी उघडली. उघडली की यंत्राला यादी धरायला एक हँडल मिळतं, मूठ म्हण. त्या मुठीने यंत्र एकेक ओळ वाचत पुढे जातं."

"बरं," मी म्हटलं.

"मला कामं दोन होती. पत्र लिहायचं आणि खिडकीची यादी करायची. म्हणून मी त्या मुठीची नक्कल केली. आता मुठी दोन. पत्र लिहिणाऱ्याने पहिल्या मुठीने ओळ वाचायची, यादीवाल्याने दुसऱ्या मुठीने. मग पत्रवाल्याने पुढची, मग यादीवाल्याने."

"नक्कल यादीची केलीस का मुठीची?"

"मुठीची. यादी एकदाच उघडली."

मला आमची थोरली जाऊ आठवली. मी म्हटलं, "थांब गं. आम्ही दोघी जावा दुपारी एकच पुस्तक वाचायचो. ती आधी, मग मी. तिनेच मला नीट वाचायला शिकवलं. पुस्तकाला खुणेचा दोरा एकच. ती एक पान वाचून दोरा पुढे टाकायची, मी दोरा बघून तिथून पुढे वाचायचे, आणि मी पुढे टाकलेला दोरा बघून ती त्याच्या पुढे. दोघींनी पुस्तक संपवलं, आणि गोष्ट दोघींनाही कळली नाही! ती म्हणे सून पळून गेली, मी म्हणे सून आलीच कधी? आमचं त्यावरून भांडण झालं. वाचणारे डोळे चार होते, पण दोरा एकच ना! तर मला एवढं सांग, तुझ्या या दोन मुठींना दोरे किती?"

पोर पडद्याकडे वळली.

भुवईवाल्यांच्या भुवया वर गेल्या त्या केसांनाच जाऊन चिकटल्या. हातातलं बिस्किट चहात पडलं, त्यांनी ते काढलंसुद्धा नाही. "एक," ते म्हणाले. "दोरा एकच! मुठीची नक्कल केली तरी कुठपर्यंत वाचलं ती खूण दोघींत एकच असते. पहिली ओळ पत्रवाल्याने वाचली, खूण पुढे गेली. मग यादीवाल्याला मिळाली ती दुसरी ओळ. तिसरी पुन्हा पत्रवाल्याला. एक सोडून एक!"

पोर अगदी बारीक आवाजात म्हणाली, "यादी दुसऱ्यांदा वेगळी उघडायला हवी होती. मग खुणा वेगळ्या झाल्या असत्या. मला वाटलं नक्कल म्हणजे सगळंच वेगळं."

अहो, मला काय झालं काय सांगू! मी टाळी वाजवली. मी! तिसरी शिकलेली! सहा दिवस शहाण्यांना सापडलं नाही ते माझ्या जावेने शोधून काढलं! भुवईवाले उठून चक्क माझ्या पाया पडायला निघाले. मी म्हटलं, "थांबा, आधी तुमचं बिस्किट काढा." असा आनंद मला पहिला नातू झाला तेव्हासुद्धा झाला नव्हता. (तो फार रडका होता.)

बाई मात्र हसत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या, आणि नजर अशी की दुखऱ्या जागी हात लावताना डॉक्टरची असते तशी. म्हणाल्या, "आजी, दोन मिनिटांत तुम्ही हे विचारलंत. मग तेव्हा का नाही विचारलंत?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगते, तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी शहाणपण दाखवायला गेले आणि माझ्याच तोंडाने माझं खोटं दाखवून बसले. नुसतं माझं असतं तर काही नव्हतं. मी टाळ्या वाजवत होते आणि पोर शेजारी बसून बुडत होती, आणि मी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

मी म्हणणार होते, तेव्हा डोळा लागला होता. वय झालंय, डुलकी लागते, कोण काय म्हणणार? जिभेवर आलं होतं. तेवढ्यात पोरीने माझा हात दाबला. "आजी, नको. मी ऐकवलंच नव्हतं. सोळाव्या कागदापासून एकही ऐकवलेला नाही. सही मागितली, तिने दिली. तिला वाटलं मी नंतर वाचेन."

अकरा कागद. अकरा! मी मनात मोजत होते, तर बाईही ओठांतल्या ओठांत तेच मोजत होत्या.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, हिला काढायचं तर काढा. पण अर्धा गुन्हा माझा. हिने एक ओळ वाचली की मी चाळीस वर्षं मागे जायचे. कामाच्या माणसाने किती ऐकायचं? आणि सही करायला मला आवडायचं. न वाचता मी आणखी शंभर केल्या असत्या."

बाईंनी चहा संपवला. कप उलटा करून बघितला, जणू तळाशी काही लिहिलंय. "चूक आजच दुरुस्त करून दवाखान्याला पाठव," पोरीला म्हणाल्या. "बाकीचं मी येऊन सांगेन." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान किती रागावल्या ते कळलं असतं.

दाराशी भुवईवाले मला हळूच म्हणाले, "आजी, भिंतीवर आता तुमचा दोरासुद्धा लावणार." बाईंनी मागे न बघता "चला" म्हटलं, तसे गेले.

मंगळवार, ११ तारीख

सकाळी टेबल पुसायला गेले तर काय! बाई सगळे कागद इथेच विसरून गेल्या. सव्वीसच्या सव्वीस, आणि वर अकरा कोरे, कुणाचीच सही नसलेले, त्यांच्या पिशवीतूनच पडले असणार. एवढी हुशार बाई आणि इतकी विसरभोळी! मी पोरीला म्हटलं, "पळ, कचेरीत देऊन ये, नाहीतर म्हणतील मुद्दाम ठेवून घेतले."

पोर त्या कोऱ्या कागदांकडे बघत उभी राहिली. मग खुर्चीत बसली आणि रडली. आठवडाभर रडली नव्हती ती आज रडली, कागद सापडल्यावर! मला काही कळेना. म्हणाली, "आजी, भाजी बाजूला कर. बस."

"अगं, पण कागद?"

"बस ना."

सोळाव्यापासून सुरू केलं. ओळ न ओळ. मी मध्ये मामी आणली, तिने थांबवलं नाही. शाळेच्या हजेरीचा होता तो प्रोग्राम, त्यात मी विचारलं, "जुळ्या बहिणी असल्या तर?" पोरीने लिहून घेतलं. सतरावा पेन्शनच्या कचेरीचा, त्यात विचारलं, "आणि माणूस मेल्यावर?" तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "अगं बाई." माझ्यासारखंच म्हणाली, अगदी माझाच सूर. तिथे काहीतरी निघालं. काय ते मला समजलं नाही, पण तिने लगेच दुरुस्त करायला घेतलं आणि त्या लोकांना तसं कळवलंसुद्धा.

कालचा दुरुस्त केलेला प्रोग्राम तर मुद्दाम पुन्हा ऐकवला. आता यादी दोनदा उघडते, दोरे दोन. मी म्हटलं, समजलं. तिने विचारलं, "काय समजलं ते सांग." सांगितलं तेव्हाच सही घेतली.

आज तीन झाले. आठ राहिले. माझा घसा बसलाय, तिचा त्याहून. पोरीचं काम राहील का जाईल, मला काही कळत नाही, आणि तिला विचारलं तर म्हणते, "आधी आठ होऊ देत."

बाईंचा निरोप आलाय, गुरुवारी येतो म्हणून, तेरा तारखेला, सकाळी अकराला, दोघंही. विसरलेले कागद न्यायला तरी यावंच लागेल त्यांना.